ओस्लोचे बल्लवाचार्य

स्वयंपाक ही विद्या कीं नुसतें कष्टाचें काम, असा प्रश्न वाचकांस केव्हां पडला आहे काय? आमच्या एका विद्यार्थ्यास आचारी होण्याची फार हौस होती. 'इतकें शिकून चुलीपुढें बसणार काय?' असें म्हणून आम्हीं त्यास परावृत्त केलें. बेंट स्टियान्सेन हें नांव तेव्हां आम्हांस ठाऊक नव्हतें.

हे गृहस्थ नॉर्वे देशाचे. फ्रान्समधील लियों शहरीं दर दोन वर्षांनीं 'बोक्यूज द'ऑर' नांवाची पाकस्पर्धा भरते. पॉल बोक्यूज या नामांकित फ्रेंच पाकशास्त्र्यानें ती १९८७ सालीं सुरू केली. प्रत्येक देशाचा एक प्रतिनिधि, हाताशीं एक तरुण मदतनीस, सुमारें साडेपांच तासांचा अवधि आणि समोर परीक्षक, असा तो सामना असतो. पहिल्या तीन स्पर्धांत सुवर्णपदक दोनदां फ्रान्सला व एकदां लक्झेंबर्गच्या लेआ लिन्स्टर या बाईंना मिळालें. १९९३ सालीं तें स्टियान्सेन यांनीं जिंकलें. स्कँडिनेव्हियांत तें प्रथमच गेलें. पुढें १९९९, २००३, २००९ व २०१५ या सालींहि नॉर्वेनें तें मिळविलें. एकानें वाट पाडली म्हणजे मागून येणाऱ्यांस ती सुगम होते.

परंतु आम्हांस अधिक मोल वाटतें तें पुढील गोष्टीचें. पदकानंतर त्यांनीं ओस्लो येथें सतराव्या शतकांतील एका वास्तूंत 'स्टाटहोल्डरगोर्डन', म्हणजे राजप्रतिनिधीचा वाडा, हें भोजनगृह थाटलें. १९९८ सालीं त्यास मिशेलिन मार्गदर्शिकेचा तारा मिळाला. हा तारा दरवर्षीं नव्यानें ठरतो. परीक्षक नांव न सांगतां येतात, इतरांप्रमाणें जेवतात व पैसे चुकते करून जातात. म्हणजे यजमानास प्रत्येक पान परीक्षेचेंच समजून वाढावें लागतें. वीस वर्षांहून अधिक काळ तो तारा टिकला. पदक एका दिवसाच्या पराक्रमाचें; तारा नित्यनेमाचा.

त्यांच्या पाकांतील मत्स्यमांस आमच्या पंक्तीस चालणारें नाहीं. पण नळराजा व भीम यांच्या पाकनैपुण्याच्या कथा ज्यांनीं भक्तिभावानें ऐकल्या, त्यांनीं या विद्येस हलकें मानणें शोभत नाहीं. आपल्या घरांतील स्त्रिया तोच नेम जन्मभर पाळतात आणि त्यांस तारा देणारा कोणी नसतो.

आमचा तो विद्यार्थी कचेरींत चिकटला व यथाकाल निवृत्तहि झाला. मात्र नातलगांच्या कार्यांत जिलबीच्या कढईशीं अजून तोच उभा असतो. त्याचा तेव्हांचा प्रसन्न चेहरा पाहिला म्हणजे आमची मान खालीं जाते.