प्रबंध मांडताना ‘जर’ सांगा

अमरावती-अकोल्याकडच्या ज्या संशोधक विद्यार्थ्यांची वेब सर्व्हिसेसवरच्या पीएच.डी.ची मौखिक परीक्षा जवळ आली आहे, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. ही परीक्षा बंद दाराआड होत नाही. विभागातले प्राध्यापक आणि इतर संशोधकही ऐकायला बसू शकतात. माझ्यासारखा तत्त्वज्ञानाचा माणूसही तिथे असू शकतो. तो काय विचारेल, ते सांगतो.

आधी वेब सर्व्हिस म्हणजे काय ते पाहू. बाजार समितीत तूर नेली की अडत्या लिलाव लावतो, मापारी माप करतो, हमाल पोती हलवतो. काटा आतून कसा चालतो हे शेतकरी विचारत नाही. वजन बरोबर मिळालं की झालं. वेब सर्व्हिसचं तसंच आहे. एक प्रोग्राम दुसऱ्याला नेटवर्कवरून काम सांगतो. मागणी ठरलेल्या नमुन्यात जाते, उत्तर ठरलेल्या नमुन्यात येतं. शेतीसल्ल्याचं एखादं ॲप हवामान एकीकडून घेतं, भाव दुसरीकडून, नकाशा तिसरीकडून. अशा सेवा निवडणं, जोडणं आणि त्यांचा दर्जा मोजणं, हे सर्व्हिसेस कॉम्प्युटिंगचं काम.

आता हिशोब करू. समजा पाच सेवा एकामागून एक जोडल्या आणि प्रत्येक सेवा ९९ टक्के वेळ चालू असते. पाचही चालल्या तरच उत्तर मिळतं. गुणाकार केला तर येतात सुमारे ९५ टक्के. म्हणजे दिवसाच्या १४४० मिनिटांपैकी सरासरी ७० मिनिटं ॲप बंद! यावर संशोधक उपाय सांगतो: प्रत्येक सेवेला एक पर्यायी सेवा ठेवा. दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता दहा हजारांत एक. मग पाच जोड्या मिळून ९९.९५ टक्के. आकडा पडद्यावर झळकतो, सभागृह खूश.

पण हा गुणाकार केव्हा खरा? एका सेवेचं बंद पडणं दुसरीच्या बंद पडण्याशी संबंधित नसेल तेव्हाच. मूळ आणि पर्यायी सेवा एकाच डेटा सेंटरमध्ये असतील, किंवा एकाच केबलवर असतील, तर त्या सोबतच जातात. मग पर्याय कागदावरच राहतो.

आपल्या न्यायदर्शनात याला नेमका शब्द आहे: उपाधी. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणता येत नाही. त्याला ओलं इंधन लागतं. तापलेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. ओलं इंधन ही उपाधी. ९९.९५ टक्क्यांचं ओलं इंधन म्हणजे त्या सेवांचं एकमेकींपासून स्वतंत्र असणं. ते प्रबंधात कुठे तपासलं, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न: मोजमाप कोणाचं? या विषयात डब्ल्यूएस-ड्रीम नावाचा माहितीसंच फार वापरला जातो. त्यात ३३९ वापरकर्ते आणि ५८२५ सेवा आहेत. पण हे ‘वापरकर्ते’ म्हणजे माणसं नव्हेत. प्लॅनेटलॅब या संशोधन-जाळ्यातले, ३० देशांतले संगणक होते. त्यावर पद्धत तपासणं योग्यच. पण त्यावरून मेळघाटातल्या मोबाइलवर उत्तर किती सेकंदांत येईल, हे सांगता येत नाही.

मर्यादा सांगितल्याने प्रबंध लहान होत नाही. रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत सादर केलेला प्रबंध पाहा. ‘रेस्ट’ ही वेबची रचनाशैली त्यांनी त्यात मांडली. एकेक बंधन घालत ते पुढे जातात आणि त्याने काय मिळालं, काय गमावलं, हेही सांगतात. आज जगभरातल्या सेवा त्या शैलीचं नाव घेतात.

म्हणून सादरीकरणात आकृत्या कमी ठेवा. प्रश्न एका वाक्यात सांगा. निष्कर्षाच्या प्रत्येक आकड्याशेजारी त्याचा ‘जर’ लिहा. परीक्षकाने तो शोधून काढण्यापेक्षा तुम्हीच आधी सांगितलेला बरा. कारण उद्या कुणीतरी तुमचा आकडा वाचून खरं ॲप बांधणार, आणि फवारणी आज करावी की उद्या, हे शेतकरी त्यावर ठरवणार.