नाताळचा केक आणि घरातला मोत्या

वसईत नाताळ म्हणजे गिरीज, निर्मळ, सांडोरला कंदील, येशूजन्माचे गोठे आणि घरोघरी केक. पण केकमधल्या मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात आणि चॉकलेटमधलं थिओब्रोमिन त्याच्या अंगातून लवकर निघून जात नाही. ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना आधीच दटावून ठेवा! तुकडा पोटात गेलाच, तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

कुत्र्याला दुसरा त्रास फटाक्यांच्या आवाजाचा. फटाक्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या रात्री ११.५५ ते १२.३० ही वेळ ठरवून दिली. पाळतंय कोण, ते सोडा. मोत्याला संध्याकाळीच फिरवून आणा, मग आतल्या खोलीत खिडक्या लावून टीव्ही चालू ठेवा. पलंगाखाली लपला तर ओढून काढू नका. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर मात्र हवाच. घाबरलेलं कुत्रं उघड्या दारातून कधी निसटेल, नेम नाही.