झाकण वाकलं तेव्हा

आपल्या अंकात दरवर्षी कुणीतरी रोबोटवर लिहितं, कुणीतरी गेटच्या तयारीवर लिहितं आणि उरलेली पानं कवितांना जातात. मी कागदाच्या डब्यांवर आणि भेटकार्डांवर लिहिणार आहे. हसू नका. मी मेकॅनिकलचा आहे. फर्स्ट इयरला ईजीमधली 'डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस'ची शीट मी चक्क जीटी मारली होती (सरांनी हे पान कृपया उलटावं). त्याचा हिशोब मला पुढे एका संक्रांतीला चुकता करावा लागला.

झालं असं. माझं घर इचलकरंजीत. बाबा मागावर जॉबर आहेत. त्या वर्षी कापडाला उठाव नव्हता, कारखाना आठवड्यातून तीन-चार दिवसच चालायचा. आई संक्रांतीला तिळगुळाच्या वड्या करून देते, पण ते शेजारपाजारचं, किलो-दोन किलोचं काम. त्या वर्षी एका काकूंनी हळदीकुंकवासाठी एकदम 60 डबे सांगितले. प्रत्येकात पाव किलो वड्या, वर छोटं कार्ड, आणि डबा "जरा दिसायला चांगला" हवा. आईने भाव सांगून टाकला आणि मग बाजारात तयार डब्यांची किंमत विचारली. तयार डबे घेतले असते तर तिच्या मेहनतीचे निम्मे पैसे डब्यांतच गेले असते. मी पीएलसाठी घरी आलो होतो. म्हटलं, "त्यात काय, डबे मी करतो." विद्यार्थीदशेत माणूस अशी वाक्यं फार सहज बोलतो.

आता डबा. सगळ्यात सोपा डबा म्हणजे चौकोनी तळ आणि त्याला चार भिंती. उलगडला की एक मोठा चौरस, कोपऱ्यांत चार चिरा, म्हणजे चिकटवायला चार पट्ट्या आपोआप मिळतात. पाव किलो वड्यांना मधल्या फटी धरून साधारण 400 घनसेंमी जागा लागते, हे मी आईच्या स्टीलच्या डब्यात वड्या रचून पाहिलं. म्हणजे तळ 10 सेंमी, उंची 4 सेंमी. उलगडा 18 सेंमीचा चौरस. दुकानात मिळणारी मोठी कार्डशीट 22 बाय 28 इंचाची, म्हणजे जवळजवळ 56 बाय 71 सेंमी. एका बाजूला 18 चे तीन बसतात. दुसऱ्या बाजूला चार बसायला 72 हवेत आणि आहेत 71! एका सेंटिमीटरसाठी एका शीटमध्ये बाराऐवजी नऊच डबे. मग मी भिंतीची उंची 4 ऐवजी 3.85 केली. उलगडा 17.7 चा झाला, चार गुणिले 17.7 म्हणजे 70.8, आणि बारा डबे बसले. दीड मिलिमीटर कमी झाल्याचं वड्यांना काही वाटलं नाही. 60 डब्यांना सातऐवजी पाच शीटं लागली. तुम्ही काहीही करायला घ्याल तेव्हा आधी शीट किती मोठी आहे ते मोजा आणि मग डबा ठरवा. मी आधी उलटं करत होतो.

कागद किती जाड घ्यायचा याला जीएसएम बघतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-झिरो हा कागद बरोबर एक चौरस मीटरचा आणि ए-फोर त्याचा सोळावा भाग. म्हणून आपण सबमिशनला वापरतो तो 80 जीएसएमचा ए-फोर कागद एक घेतला तर बरोबर 5 ग्रॅम भरतो. डब्याला 300 जीएसएम लागतो. त्याहून पातळ घेतला तर पाव किलोला तळ पोट सोडतो. जाड घेतला तर घडी फुटते.

झाकणाचा तळ डब्यापेक्षा मोठा हवा हे उघड आहे, पण किती? कार्ड स्वतः जवळजवळ 0.4 मिमी जाड असतं, आणि कोपऱ्यांतल्या पट्ट्या बाहेरून चिकटवल्या तर तिथे जाडी दुप्पट होते. मी 3 मिमी जास्त ठेवले, म्हणजे 10.3. फिट्स अँड टॉलरन्सेसच्या लेक्चरला मी झोपलेला असायचो. पण दोन मिमीला झाकण अडकतं आणि पाच मिमीला ते टोपीसारखं डुलतं, हे एकदा हातानं केलं की विसरत नाही.

घडी घालण्याआधी रेघ दाबून घ्यायची. यासाठी संपलेल्या बॉलपेनसारखं हत्यार नाही. पट्टी ठेवायची आणि कोरड्या रिफिलने जोर देऊन ओढायची. एका बाजूला खाच पडते, दुसऱ्या बाजूला बारीक उंचवटा येतो. आपल्याला वाटतं खाचेच्या बाजूला दुमडावं. नाही. खाच बाहेर आणि उंचवटा आत राहील अशी घडी घाला. उंचवटा घडीच्या आत जातो, बाहेरच्या थरावर ताण कमी येतो आणि कागद फाटत नाही. औषधाच्या खोक्याची घडी उलगडून बघा, खाच बाहेरच्या अंगाला दिसेल.

इथपर्यंत सगळं झकास चाललं होतं. दोन दिवसांत साठ तळ तयार. मग शोभा. संक्रांतीचा रंग काळा. त्यामुळे झाकणावर काळा घोटीव कागद लावायचा आणि त्यावर हलव्यासारखे पांढरे ठिपके, असं ठरवलं. पहिल्या दोन शीटांवर मी काळा कागद फेव्हिकॉलमध्ये भरपूर पाणी घालून सपाट चिकटवला, वाळल्यासारखा वाटल्यावर 24 झाकणं कापून, दुमडून, चिकटवून ओळीत मांडली आणि झोपलो.

सकाळी उठून बघतो तर सगळी झाकणं वाकलेली. मध्ये खोलगट, कडा वर आणि भिंती बाहेर फाकलेल्या. एकही झाकण डब्यावर टिकेना. आई वड्यांसाठी तीळ निवडत बसली होती. तिने एक झाकण हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि काही न बोलता खाली ठेवलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. हळदीकुंकू पाच दिवसांवर होतं.

बाबा घरीच होते. त्यांनी उरलेल्या घोटीव कागदाचा तुकडा घेतला आणि टर्रकन फाडला. सरळ फाटला. मग काटकोनात फाडला, तर वेडावाकडा, दातेरी. मला म्हणाले, "बघ की, ह्यालाबी ताणा हाय. कापडागतच."

मला तीन वर्षांत जे समजलं नव्हतं ते तिथे समजलं. गिरणीतला कागद पाण्यात कालवलेल्या लगद्यापासून होतो. हा लगदा धावत्या जाळीवर सोडतात. जाळी ज्या दिशेनं पळते त्या दिशेला बहुतेक तंतू आडवे पडतात, जसे ओढ्याच्या पाण्यात काटक्या प्रवाहाच्या दिशेला वळतात. हीच कागदाची दिशा. या दिशेनं कागद सरळ फाटतो आणि घडीही सुबक पडते. आडव्या दिशेनं दुमडला तर तंतू मोडतात आणि घडीवर भेग दिसते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तंतू ओला झाला की लांबीत जेमतेम वाढतो, पण जाडीत बराच फुगतो. म्हणून ओला कागद त्याच्या दिशेला काटकोनात पसरतो आणि वाळताना तिथेच आकसतो.

आता माझ्या झाकणांचं बघा. घोटीव कागद ओल्या डिंकात पसरला, पसरलेल्या अवस्थेतच कार्डाला चिकटला आणि वाळताना आकसला. खालचं कार्ड कोरडंच होतं, त्याला आकसायचं कारण नव्हतं. वरचा थर ओढतोय, खालचा जागा सोडत नाही, म्हणून दोघं मिळून वाकले. इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये दोन धातूंची पट्टी असते ना, बायमेटॅलिक स्ट्रिप? तीच. तिथे उष्णता, इथे पाणी. व्हायवाला मी तिची आकृती काढून दाखवली होती, आणि घरी रात्रभर 24 नग स्वतःच्या हातानं बनवले!

उपाय सांगितला आमच्या गल्लीतल्या बाइंडिंगवाल्या मामांनी. प्रोजेक्ट रिपोर्ट बांधून देणारे हे लोक रोज हेच करतात. पुठ्ठ्याला बाहेरून कापड लावलं की ते आतूनही कागद लावतात. आपल्याला वाटतं तो शोभेसाठी असतो. खरं तर तो उलट्या बाजूनं ओढायला असतो. मीही मग झाकणाला आतून साधा पांढरा कागद लावला, दोन्ही कागदांची आणि कार्डाची दिशा एकच ठेवली, डिंकात पाणी जवळजवळ घातलंच नाही आणि चिकटवल्याबरोबर वजनाखाली रात्रभर दाबलं. वजन म्हणून खुर्मी-गुप्तांचं मशीन डिझाइन. त्या ग्रंथाचा इतका थेट उपयोग मला आधी झाला नव्हता. मामांनी स्वतःची मैद्याची खळ देऊ केली होती, पण बाइंडर लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी. खाण्याच्या डब्याला ती खळ चालत नाही, हे त्यांनीच आठवणीनं सांगितलं.

दिशा ओळखायला कागद फाडलाच पाहिजे असं नाही. शीट न मोडता दोन्ही बाजूंनी हलकी वाकवून बघा. ज्या बाजूनं सहज वाकते, तिथे पडणारी घडी दिशेला समांतर असते. पातळ कागदाचा चौकोनी तुकडा पाण्यावर सोडला तर तो सुरळीसारखा वळतो आणि सुरळीची लांबी म्हणजे कागदाची दिशा.

चौकोनी डब्यात दोन घड्या दिशेला समांतर आणि दोन आडव्या येणारच, तिथे इलाज नाही, रेघ नीट दाबायची एवढंच. कार्डाला मात्र एकच घडी असते, तिथे निवड आपल्या हातात आहे. आणि तिथेच बहुतेक जण फसतात, कारण ए-फोर कागदाची दिशा बहुधा लांबीच्या बाजूनं असते आणि आपण तो मधोमध दुमडतो, म्हणजे बरोबर आडवा. वाढदिवसाला केलेल्या जाड कार्डाच्या घडीवर पांढरी भेग का दिसते, त्याचं उत्तर हे. मोठी शीट आणा आणि घडी दिशेला समांतर येईल असं कापा.

मी मात्र कंजूषपणा केला. झाकणांच्या शीटमधून कडेला 7 सेंमीची लांब पट्टी उरत होती, तिच्यातून कार्डं काढू म्हटलं. पट्टी नेमकी दिशेला धरून होती, त्यामुळे प्रत्येक घडी आडवी, प्रत्येक कार्डाला भेग. शेवटी हातकागद आणला. हातकागदात साचा लगद्यात बुडवून हलवतात, तंतू सगळीकडे पसरतात, त्यामुळे दिशा जवळजवळ नसतेच. कसाही दुमडा. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा नावाचं गाव लागतं, नावातच कागद आहे. असा कागद तिथे कित्येक शतकं होत आला आहे. हातकागद कात्रीनं कापू नका. पट्टी ठेवून ओल्या ब्रशनं रेघ ओढा, मिनिटभर थांबा आणि दोन्हीकडून अलगद ओढा. कडेला जी मऊ झालर येते ती कात्रीला जमत नाही.

कार्डावर पहिल्यांदा मी खरा हलवा चिकटवला होता. आजीच्या ट्रंकेत असं एक जुनं संक्रांतीचं कार्ड आहे, त्यावरून सुचलं. दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग. मग सबमिशनच्या फायलींमुळे भरलेलं पंचिंग मशीनचं पोट रिकामं केलं. पांढरे गोल तयारच होते, अगदी फुकट. मजकूर आईनं लिहिला, तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. साठ वेळा "तिळगूळ घ्या, गोड बोला", आणि एकही अक्षर घाईचं नाही.

शेवटची एक गोष्ट राहिली. तिळात जवळजवळ निम्मं तेल असतं. वडी नुसती कार्डावर ठेवली तर तासाभरात तळाला डाग येतो, म्हणून आत बटर पेपर हवाच. आणि वड्या पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही. गरम वडीची वाफ आत कोंडली की इतकं शिकलेलं सगळं पाण्यात जातं, शब्दशः.

भोगीच्या संध्याकाळी काकू आल्या. त्यांनी वरचा एक डबा उचलला, नुसत्या झाकणाला धरून. आईनं श्वास रोखलेला मला दिसला. डबा क्षणभर लटकला आणि मग हवा आत शिरत गेली तसा हळूहळू, सावकाश खाली सरकून त्यांच्या दुसऱ्या हातावर बसला. त्यांनी परत झाकण लावलं आणि परत तसंच केलं. लहान मुलासारखं तीनदा. मग पैसे मोजून दिले आणि म्हणाल्या, "पुढल्या वर्षी शंभर लागतील. पण काळा नको बाई, जांभळा कर."

आई म्हणाली, "त्याला विचारते." आणि माझ्याकडे बघितलं.

ती 24 वाकडी झाकणं टाकून दिली नाहीत. बाबा त्यांत मागाचे नट-बोल्ट आणि स्प्रिंगा ठेवतात. खोलगट असल्यामुळे सांडत नाहीत म्हणे.