छतातली अडकलेली शेड

सनरूफच्या काचेखालची सरकती शेड अडकल्याचे लक्षात येते ते बहुधा भर उन्हाळ्यात, आणि अडकते ती बहुधा अर्ध्यावर. काचेतून उतरणारे ऊन थेट डोक्यावर येते, एसी पुरत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली की अनेकदा ऐकायला मिळते, ‘पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल.’ म्हणजे चौकट, चॅनेल, केबल आणि शेड असे सगळे एकत्र, शिवाय छताचे आतले अस्तर उतरवण्याची मजुरी वेगळी. बिघाडाच्या मानाने हा उपाय फार मोठा आहे, असे माझे ठाम मत आहे. शेडची दुरुस्ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सुट्टीच्या एका सकाळी होऊ शकते. मात्र हात कुठे थांबवायचा हे आधी ठाऊक हवे.

शेड मोटारीत आली ती काचेच्या मागोमाग. १९३० च्या दशकात जर्मनीत वेबास्टोने मोटारींसाठी कापडाची घडीची छते बनवली, १९३७ मध्ये अमेरिकेत नॅशने सरकते छत देऊ केले. कापड किंवा पत्रा असला की छत बंद करताच आत सावली होई. १९७३ मध्ये फोर्डने लिंकन कॉन्टिनेंटल मार्क फोरला रंगीत काचेचे सरकते छत दिले आणि त्या काचेखाली ऊन अडवायला आणखी एक सरकता पडदा आला. आजही शेडकडे तेवढेच काम आहे. पाऊस अडवते ती काच आणि तिच्या कडेचे रबर. आत झिरपलेले पाणी चौकटीच्या पन्हाळीत उतरते आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांवाटे गाडीखाली जाते. छताची मजबुती पत्रा आणि चौकट सांभाळतात. यांपैकी कशाचाही भार शेडवर नाही. ब्रेकच्या दुरुस्तीत चूक झाली तर जीव जाऊ शकतो. शेडच्या दुरुस्तीत चूक झाली तर शेड पुन्हा अडकते. मोटारीतल्या कोणत्या वस्तूला घरी हात घालावा, हे ठरवताना मला हीच कसोटी सर्वात भरवशाची वाटते.

शेड अडकते कशी, हे समजायला टेबलाचा रुंद, उथळ खण आठवावा. एका कोपऱ्याला धरून ओढला की तो तिरका होतो, दोन्ही बाजूंना रुतून बसतो, आणि जोर लावावा तितका जास्त रुततो. शेड हा असाच खण आहे. तिची रुंदी मोठ्या गाड्यांत मीटरभर असते, पण तिला सरळ ठेवणारे प्लॅस्टिकचे गाइड बोटाच्या पेराएवढे. साध्या सनरूफमध्ये असे गाइड सहसा चार असतात, प्रत्येक बाजूला दोन, आणि शेड खडखडू नये म्हणून त्यांना पातळ स्प्रिंगची पत्ती किंवा दाबून बसणारी जीभ दिलेली असते. त्यांतला एक झिजला किंवा ज्यात तो सरकतो त्या चॅनेलमधून निसटला की शेड तिरकी झालीच. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, उन्हात उभ्या मोटारीचे छत त्याहून कितीतरी जास्त तापते. वर्षानुवर्षे असे तापून आणि निवून प्लॅस्टिक ठिसूळ होते. चॅनेलमधले कारखान्यातले ग्रीस धूळ धरते आणि त्याचा चिकट चिखल होतो. कोकणात त्यात झाडांचा पालापाचोळा आणि चार महिन्यांची ओल मिसळते. बिघाडाचे मूळ असे पेराएवढ्या तुकड्यात किंवा चिमूटभर मळात असताना आख्खी चौकट बदलणे म्हणजे कडी तुटली म्हणून दार बदलणे.

म्हणून पहिला नियम जोर न लावण्याचा. काच उघडत असेल तर पूर्ण उघडावी, विजेरी घेऊन दोन्ही चॅनेल पुढून मागपर्यंत पाहावीत. नाणे, केसांची पिन, वाळकी काडी, तुटलेल्या गाइडचा तुकडा, असे काहीही तिथे असू शकते. ते काढून ओलसर फडक्याने, गरज पडल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलने, जुने ग्रीस पुसावे. मळाने अडकलेली शेड इथेच मोकळी होते. वंगणाच्या बाबतीत मात्र घरातल्या सवयी नडतात. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजते, म्हणजे पुण्या-नाशिकच्या थंडीत चॅनेलमध्ये त्याचा थर बसणार. शिवणयंत्राचे तेल पातळ असल्याने अस्तरावर ओघळते आणि त्याचे डाग निघत नाहीत. डब्ल्यूडी-४० जुना मळ सोडवायला चांगले, पण ते उरलेले ग्रीसही धुऊन नेते. सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात पुरतो. ते प्लॅस्टिक आणि बहुतेक रबरांना बाधत नाही.

गाइड तुटला असेल तर शेड बाहेर काढावी लागते. काही गाड्यांत कडक शेड मधोमध हलकेच वाकवली की तिची एक कड चॅनेलमधून सुटते. इतर अनेक गाड्यांत आधी काच काढावी लागते. ती बहुधा चार ते सहा टॉर्क्स स्क्रूंवर बसलेली असते. स्क्रू सैल करण्यापूर्वी प्रत्येकाची जागा पेन्सिलने आखून ठेवावी, कारण काचेची उंची छताशी तंतोतंत जुळवलेली असते. ती किंचित चुकली तरी वाऱ्याचा आवाज येतो आणि पाणीही येऊ शकते. तुटलेला गाइड फेविक्विकने जोडायचा मोह होतो, पण असे भाग अनेकदा अ‍ॅसिटलसारख्या निसरड्या प्लॅस्टिकचे असतात आणि त्यावर हा गोंद धरत नाही. नवा तुकडा बसवणे हाच खरा इलाज. थ्रीडी प्रिंटिंगवाल्याकडून तो करून घेता येतो, फक्त पीएलए हे नेहमीचे प्लॅस्टिक नको म्हणून सांगावे. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. नायलॉन चालते.

पॅनोरमिक छतात बहुधा कडक पाट्याऐवजी मागच्या रुळावर गुंडाळलेले कापड असते, आणि त्याच्या पुढच्या दांडीला मोटर केबलने ओढते. इथे आधी कान लावावा. बटण दाबल्यावर काहीच आवाज नसेल तर फ्यूज पाहावा. मोटर घुमते पण दांडी हलत नाही, तेव्हा दोष केबलचा किंवा गाइडचा. दांडी थोडी सरकून परत फिरत असेल तर ते बोट चिमटू नये म्हणून ठेवलेले संरक्षण आहे: वाटेत अडथळा आहे, किंवा बॅटरी काढल्यामुळे मोटर आपली जागा विसरली आहे. जागा विसरली असेल तर गाडीच्या पुस्तिकेतला रीसेट करावा, म्हणजे ठरावीक क्रमाने बटण दाबून धरावे. त्याला एक पैसाही लागत नाही. कापडाची कड खाचेतून सुटली असेल तर ती बोटांनी परत बसवता येते. पण केबल तुटली असेल तर काम घरचे उरत नाही.

घरच्या दुरुस्तीवरचा सर्वात गंभीर आक्षेप एअरबॅगचा आहे आणि तो खरा आहे. कर्टन एअरबॅग छताच्या दोन्ही कडांना, अस्तराच्या आत घडी करून ठेवलेल्या असतात. ह्युंदाईने ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतातल्या आपल्या सर्व मोटारींत सहा एअरबॅग देण्याचे जाहीर केले, म्हणजे स्वस्त गाडीचे छतही आता रिकामे राहिलेले नाही. माझ्या मते घरच्या कामाची सीमा इथेच आखावी: जे सनरूफच्या उघड्या भागातून हाताला लागते ते आपले, आणि ज्यासाठी अस्तर उतरवावे लागते ते जाणकाराचे. या सीमेमुळे काही दुरुस्त्या गॅरेजकडे जातील, हे मान्य. पण मळ, निसटलेला गाइड, सुटलेली कड आणि रीसेट हे सगळे सीमेच्या अलीकडे राहते.

दुसरा आक्षेप वॉरंटीचा. गाडी वॉरंटीत असेल तर तिला हात लावूच नये, कंपनीकडून फुकट करून घ्यावे. वॉरंटी संपल्यावर मात्र हा प्रश्न उरत नाही, आणि अडचण येते ती सुट्या भागांची. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला तो याच कारणासाठी: सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजपर्यंत पोहोचत नव्हती. दंडाची रक्कम पुढे अपिलात घटली, पण दोषाचा निष्कर्ष २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणानेही कायम ठेवला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यातल्या चार क्षेत्रांत मोटारी आहेत. तरीही कंपनीच्या यादीत गाइडला वेगळा क्रमांक नसेल तर पुण्याच्या नाना पेठेतला दुकानदार तो मागवणार कसा? ग्राहकाला मग कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मोडीत निघालेल्या गाडीचा भाग शोधत हिंडावे लागते.

सनरूफ आता श्रीमंतांच्या गाडीपुरते राहिलेले नाही. मारुतीने २०२२ च्या ब्रेझात ते पहिल्यांदा दिले, त्यापूर्वीच ते इतर कंपन्यांच्या छोट्या गाड्यांत आले होते, आणि त्या गाड्यांची वॉरंटी आता एकामागून एक संपत आहे. कंपन्यांनी शेडचे गाइड स्वतंत्र क्रमांकाने, चारांच्या पाकिटात विकावेत आणि ते बसवण्याची दोन पाने पुस्तिकेत घालावीत. ज्यांची शेड आज अडकली आहे त्यांनी सर्व्हिस सेंटरला फोन करण्यापूर्वी विजेरी घेऊन दोन्ही चॅनेल एकदा नीट पाहावीत.