यंत्राने माणसाला किती प्रश्न विचारावेत?

कुरखेडा हे गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. वडसा स्टेशनवर उतरायचे आणि तेथून एस.टी.ने भातशेते व जंगल मागे टाकीत जायचे. अशा ठिकाणी एखाद्या मुलाच्या हाती शहरातल्या काकांनी दिलेला जुना संगणक आला आणि त्यातली मूळची प्रणाली चालेनाशी झाली, तर त्याने काय करावे? पुण्या-मुंबईत एखादा जाणता शेजारी तरी भेटतो. तेथे सल्ला विचारायला नागपूर गाठायचे म्हणजे दिवस मोडला. लिनक्स फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते, हे आपण सर्वांनी ऐकलेले असते. पण ती बसवून, सगळी घडी लावून द्यायची कोणी?

लिनक्सचे घराणे जुने. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. पुढे १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने त्याच धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहिला. जाणकारांनी जाणकारांसाठी मांडलेला हा संसार, तेव्हा त्यात सोवळेओवळे फार!

त्याचा मासला पाहा. १९९० नंतरच्या दशकात लिनक्स बसविताना पडद्यावर चित्र उमटावे म्हणून एक फाइल भरावी लागे. तीत प्रश्न असे: तुमच्या मॉनिटरची आडवी गती किती किलोहर्ट्झ, उभी किती हर्ट्झ? चुकीचे आकडे घातल्यास मॉनिटर बिघडेल, अशी तंबीही सोबत असे. सांगा वाचकहो, आपल्यापैकी किती जणांनी या परीक्षेत हात वर केला असता? गंमत अशी की, हे आकडे मॉनिटरला स्वतःला ठाऊक असत. १९९४ पासून तर मॉनिटरने आपली माहिती तारेवाटे संगणकाला कळवावी, असा संकेतही ठरला होता. म्हणजे पाहुण्याचे नाव पाहुण्याला विचारायचे सोडून आपण दाराशी उभ्या पोराला वेठीस धरीत होतो.

मला वाटते, नवशिक्यासाठी झालेली खरी सुधारणा हीच: जे यंत्राला यंत्राकडून कळते, ते माणसाला विचारायचे नाही. २००० साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी ‘नॉपिक्स’ काढली. सीडी घातली की ती यंत्राचे सारे भाग आपणच ओळखी आणि हार्डडिस्कला हात न लावता सुरू होई. २००४ साली ‘उबुंटू’ आली. तिच्या सीडी मागणाऱ्याला २०११ पर्यंत टपालाने घरपोच, विनामूल्य मिळत. २००६ पासून ती आधी वापरून पाहावी, पसंत पडल्यास त्याच पडद्यावरून बसवावी, अशी सोय झाली. प्रश्न उरले मोजकेच: भाषा कोणती, गाव कोणते, कीबोर्ड कोणता, नाव काय, आणि डिस्कचे काय करायचे?

आपल्या महाराष्ट्रात तर एक पाऊल पुढे टाकून पाहिले गेले. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट नावाची धनगरवाडी आहे. तेथल्या छोट्या शाळेत २००७ साली मुलांना हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. आत लिनक्सच होती, पण वर ‘शुगर’ नावाची मुलांसाठी केलेली मांडणी. काम जपून ठेवायला वेगळे बटण शोधावे लागत नसे. केलेले सारे आपोआप एका रोजनिशीत जाऊन बसे. प्रत्येक मुलाला स्वतंत्र यंत्र देण्याची ती योजना देशभर पसरली नाही, ही गोष्ट वेगळी. पण ज्याने आयुष्यात कीबोर्ड पाहिला नाही, त्याच्यापासून आरंभ करावा, ही त्यामागची दृष्टी मला फार मोलाची वाटते.

आता भाषेचे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले ‘लोहित’ टंक रेड हॅटने सर्वांना खुले केले, तेव्हा लिनक्सवर मराठी वाचण्याची मोठी अडचण सरली. मराठी वळणाचा ‘ल’, ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्य’ या बाबी हिंदीच्या साच्यातून आपसूक येत नाहीत. त्यांच्यामागे कुणीतरी बसून काम केलेले असते. भाषांतरेही झाली. मात्र तेथे पंडिती मराठीने घात केला. सेटिंगला म्हणे ‘संयोजना’! मोबाइलमुळे ‘सेटिंग’ हा शब्द खेडोपाडी पोचला आहे. ‘संयोजना’ वाचून कुरखेड्याचा मुलगाच काय, सदाशिव पेठेतला प्राध्यापकही क्षणभर थबकेल. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे त्या मानाने शहाणे वाटतात. दहा-बारा मिनिटांचा धडा, मराठी आवाज, पडदा जसाच्या तसा, आणि ऐकत ऐकत आपल्या यंत्रावर करून पाहायचे. इंटरनेट नसले तरी चालते. पण कुरखेडा-कोरचीकडे कित्येक घरांत गोंडी बोलतात, तिकडची पोरे हा धडाही दुसऱ्या भाषेतूनच शिकणार. गोंडीच्या मसराम लिपीला युनिकोडमध्ये २०१७ साली आणि गुंजाला लिपीला २०१८ साली जागा मिळाली. कीबोर्ड, टंक, भाषांतर हे सारे त्यानंतरचे काम.

राहिला डिस्कचा प्रश्न. तो यंत्र आपल्या आपण सोडवू शकत नाही, कारण जुन्या डिस्कवर काय जपायचे हे घरच्यांनाच ठाऊक असते. ताईच्या लग्नाचे फोटो, दहावीची गुणपत्रिका, सातबाऱ्याची प्रत असे काहीबाही त्यात असते. ‘विभाजन’, ‘आरोहण बिंदू’ असले शब्द वाचून मुलगा ‘पुढे’चे बटण दाबतो आणि सारे पुसले जाते. तेथे एवढेच छापावे: ‘या संगणकातले सगळे फोटो आणि कागदपत्रे कायमची जातील. आधी पेनड्राइव्हवर घेतलीत का?’ आणि ‘नाही’ म्हटल्यास कोणते बटण दाबून ती कशी उतरवून घ्यायची, हेही त्याच पडद्यावर, त्याच साध्या मराठीत सांगावे.