पाच दिवसांचा ताप आणि रक्ताच्या दोन साध्या तपासण्या
(शिनोली, ता. आंबेगाव येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

शिनोलीसारख्या गावात दुर्मिळ आजारांवर बोलायचं कशाला, असं कुणालाही वाटेल. पण असा आजार पहिल्यांदा जवळच्याच दवाखान्यात येतो, आणि येतो तो साध्या तापाच्या रूपात. तिथे तो ओळखायला दोन स्वस्त तपासण्या मदत करतात : ईएसआर आणि सीआरपी.

ईएसआर म्हणजे काय, तर रक्त उभ्या नळीत तासभर ठेवायचं आणि तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं. एरवी या पेशी एकमेकींना दूर ढकलतात. शरीरात दाह असला की फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन वाढतं, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली बसतात. मात्र रक्त कमी असेल, बाई गरोदर असेल किंवा वय जास्त असेल, तरीही हा आकडा चढतो.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते सापडलं. दाह सुरू झाला की काही तासांतच ते वाढतं आणि दाह शमला की लवकर उतरतं. ईएसआर उतरायला बरेच दिवस घेतो.

आता महत्त्वाचं. या दोन्ही तपासण्या ‘कुठेतरी आग आहे’ एवढंच सांगतात. कुठे आणि कशामुळे, ते सांगत नाहीत. आपल्याच पुणे जिल्ह्यात भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना हाडा-सांध्यांचं दुखणं होतं, पण आमवात निघाला दोनशेत साधारण एकाला. नुसत्या रक्ताच्या आकड्यावर गेलो असतो, तर कितीतरी जणांना उगाच आमवाताचा शिक्का बसला असता. म्हणून आधी विचारपूस, मग अंगाची तपासणी आणि मग रक्त.

याच क्रमाने कावासाकी आजार बघू. जपानचे डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ साली त्याचं वर्णन केलं. बहुतेक रुग्ण पाच वर्षांच्या आतले असतात. पाच दिवस ताप, पू नसलेले लाल डोळे, फुटलेले लाल ओठ, अंगावर पुरळ, सुजलेले हातपाय, मानेत गाठ. सगळी लक्षणं असली तर ओळखणं सोपं. पण कधी दोन-तीनच दिसतात, आणि गोवर किंवा औषधाची ॲलर्जी समजून दिवस निघून जातात. उपचार न मिळालेल्या मुलांपैकी चौथ्या हिश्शापर्यंत मुलांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगू शकतात. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो पहिल्या दहा दिवसांत दिलं, तर हा धोका बराच कमी होतो.

अशा अर्धवट चित्रात सीआरपी लिटरला ३० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, अथवा ईएसआर ४० किंवा त्याहून जास्त आला, तर डॉक्टर पुढे पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन, लघवी आणि हृदयाची सोनोग्राफी बघतात. प्लेटलेट्स सहसा दुसऱ्या आठवड्यात वाढतात, म्हणून तिसऱ्या दिवशी त्या नॉर्मल आल्या तरी निर्धास्त राहू नये. दोन्ही आकडे कमी आले आणि ताप मात्र हटत नसेल, तर मूल पुन्हा तपासायचं आणि रक्तही पुन्हा. एक बारकावा : इम्युनोग्लोब्युलिन दिल्यावर त्यानेच ईएसआर वाढतो. त्यानंतर सुधारणा बघायची ती सीआरपीवर.

कधी उलटही घडतं. सांध्यांच्या काही आजारांत दाह हाताबाहेर गेला की फायब्रिनोजेन संपत जातं. ताप चढलेला, मूल मलूल, आणि ईएसआर मात्र खाली! तिथे फेरिटिन प्रचंड वाढलेलं सापडतं. अशा वेळी उतरलेला ईएसआर ही धोक्याची खूण असते.

तेव्हा घरच्यांनी एवढं करावं : ताप कोणत्या तारखेला सुरू झाला ते लिहून ठेवा. डोळे, ओठ किंवा पुरळ दिसलं तर फोटो काढा, कारण डॉक्टरांकडे पोचेपर्यंत ते मावळलेलं असू शकतं. जुने रिपोर्ट फेकू नका, आणि सीआरपीचा आकडा लिटरला आहे की डेसीलिटरला, ते बघा. लहान मुलाचा ताप पाचव्या दिवशीही असेल, तर बालरोगतज्ज्ञांना सरळ विचारा, ‘हा कावासाकी असू शकेल का?’

आता तुमचे प्रश्न घेऊ.