पांढरा संच, लाल संच आणि सातवा दिवस

जननेंद्रियावर उठलेला प्रत्येक व्रण एकाच रोगाचा नसतो. उपदंशाचा, म्हणजे बोलीतल्या गरमीचा, चट्टा बहुधा एकच, कडक बुडाचा आणि न दुखणारा असतो, तर हर्पीस या विषाणूजन्य रोगात पाणी भरलेल्या बारीक फोडांचे पुंजके येतात, फुटून आग करतात आणि बरे होऊनही पुन्हा उठतात. नेमके निदान प्रयोगशाळेतच होते. पण उपदंशासाठीची आरपीआर ही रक्तचाचणीदेखील सुरुवातीच्या दिवसांत फसवू शकते. म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने लक्षणसमूह पाहून त्याच भेटीत औषध देण्याची पद्धत स्वीकारली आणि त्यासाठी रंगांचे संच ठरवले: फोड नसलेल्या व्रणाला पांढरा, पेनिसिलिनची अॅलर्जी असल्यास निळा, हर्पीसला लाल. पांढऱ्या संचात अॅझिथ्रोमायसिनच्या १ ग्रॅम मात्रेसोबत बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटांचे इंजेक्शन असते. ते दाट असल्याने निम्मे निम्मे करून दोन्ही कुल्ल्यांत खोलवर देतात आणि क्वचित उद्भवणाऱ्या तीव्र अॅलर्जीसाठी अॅड्रेनॅलिन हाताशी ठेवतात.

बीड जिल्ह्यात ही पद्धत जितकी सोयीची तितकीच अपुरी ठरते. दिवाळीच्या आसपास ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मजुरी ‘कोयत्या’वर, म्हणजे बहुधा नवरा-बायकोच्या जोडीवर, ठरते आणि कामाला न गेल्यास खाड्याचा दंड कापला जातो. सहचराला उपचाराखाली आणणे ही एरवी सर्वांत अवघड पायरी; इथे मात्र जोडीदार शेजारच्याच सरीत कोयता चालवत असतो, त्यामुळे अडते ते सातव्या दिवशीच्या फेरतपासणीपाशी, कारण तोवर टोळीचा फड बदललेला असू शकतो. त्यात उपदंशाचा चट्टा औषधाविना ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरतो, रोग मात्र शरीरात राहतो. स्त्रीच्या गर्भाशयमुखावरचा चट्टा तर दिसतही नाही, म्हणून गरोदरपणातील रक्ततपासणीला पर्याय नाही.

उपचारानंतर आरपीआरची पातळी उतरली का, हे पाहण्यासाठी काही महिन्यांनी पुन्हा रक्त घ्यावे लागते. गळीत हंगाम संपून टोळ्या गावी परततात तेव्हा ही तपासणी बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होऊ शकते, मात्र त्यासाठी आधीच्या दवाखान्याने संचाचा रंग, तारीख आणि चाचणीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी रुग्णाजवळ असावी लागते.